प्रथिनाचा आकार काय सांगतो, काय सांगत नाही

जुलै २०२२ मध्ये अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने भाकीत केलेले २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी पन्नास वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष प्रयोगांतून एकेक आकार शोधत होत्या आणि त्यांची बेरीज दोन लाखांच्या आसपास पोचली होती. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या भाकितासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, आणि नवी प्रथिने रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना मिळाले. आकाराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, असे तेव्हा म्हटले गेले आणि ते खरेही आहे. पण म्हणून त्या २० कोटी प्रथिनांची कामे कळली असे झालेले नाही. आकारावरून काम ओळखता येते, या समजुतीवर जीवरसायनशास्त्र सव्वाशे वर्षे चालत आले आहे. ती समजूत कुठे खरी ठरली, कुठे अपुरी पडली आणि आज कुठे उभी आहे, त्याचा हा आढावा.

कुलूप-किल्लीपासून घडीच्या नियमापर्यंत

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकापुढे एक जोडलेली साखळी. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी एन्झाइम आणि त्याचे लक्ष्य यांना कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, तेव्हा एन्झाइम हे प्रथिन असते हेही ठरलेले नव्हते. १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी जॅक-बीन या शेंगेतून यूरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळवून ते दाखवले, तरी बरीच वर्षे मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांना ते पटले नाही. १९५० च्या दशकात फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला आणि प्रत्येक प्रथिनाचा क्रम ठरलेला असतो हे पक्के झाले.

हा क्रमच आकार ठरवतो का, याचे उत्तर ख्रिश्चन अन्फिन्सेन यांच्या प्रयोगाने दिले. रायबोन्युक्लिएज-ए हे १२४ अमिनो आम्लांचे एन्झाइम. त्यात गंधकाच्या आठ टोकांच्या चार जोड्या असतात. अन्फिन्सेन यांनी यूरियाच्या तीव्र द्रावणात या जोड्या तोडून साखळी पूर्ण उलगडली. एन्झाइमचे काम थांबले. यूरिया काढून हवेत जोड्या पुन्हा जुळू दिल्या, तेव्हा काम जवळपास पूर्ण परत आले. आठ टोकांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, त्यातला एकच प्रकार बरोबर. जोड्या यूरियातच लागू दिल्या तर त्या वाटेल तशा लागत आणि एन्झाइम जेमतेम १ टक्का चाले. आकार घडवण्याची सगळी माहिती साखळीच्या क्रमातच असते, हा यातून निघालेला नियम. त्यासाठी त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले.

कोणते आकार मुळात शक्यच नाहीत, हे मात्र मद्रास विद्यापीठात ठरले. गो. ना. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि वि. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये साखळीच्या प्रत्येक सांध्यातल्या दोन कोनांचा नकाशा काढला. अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढीच अट घातली, तरी बहुतेक कोन बाद होतात आणि मोजके प्रदेश उरतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सुचवलेली अल्फा-सर्पिलाची आणि बीटा-पट्ट्यांची रचना नेमकी या उरलेल्या प्रदेशांत बसते. आजही कोणत्याही नव्या रचनेची तपासणी रामचंद्रन नकाशावरच होते.

रामचंद्रन यांचे त्याआधीचे काम कोलॅजेनवरचे. त्वचा, हाडे आणि स्नायूबंध यांना बळकटी देणारे हे प्रथिन. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये त्याची तीन पदरांची रचना मांडली. तिन्ही पदर एकमेकांत इतके घट्ट वळलेले असतात की आतल्या बाजूला येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. तिथे दुसरे काही आले की वळ बिघडतो. हाडे ठिसूळ होण्याच्या एका आनुवंशिक आजारात बहुधा हेच घडते. आकारावरून काम आणि आकारातल्या बिघाडावरून आजार इतका सरळ कळावा, असे उदाहरण क्वचित सापडते.

हिमोग्लोबिन: आकार बदलतो म्हणून काम होते

गुंतागुंत सुरू झाली हिमोग्लोबिनपासून. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ मध्ये केंब्रिजला या रेणूचा अभ्यास हाती घेतला आणि २३ वर्षांनी, १९६० मध्ये, त्याची पहिली ढोबळ रचना प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांनी तोवर स्पर्म व्हेलच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनची रचना उलगडली होती. दोघांना १९६२ चे नोबेल मिळाले. मायोग्लोबिनची एकच साखळी, हिमोग्लोबिनच्या चार: दोन अल्फा, दोन बीटा. यातली कोणतीही साखळी मायोग्लोबिनशेजारी ठेवली तर अमिनो आम्लांचा क्रम जेमतेम चौथा हिस्सा जुळतो, पण घडी जवळपास तीच. दोन्ही ऑक्सिजन धरतात. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे.

तरी दोघांची वागणूक वेगळी. मायोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते. हिमोग्लोबिनला तो फुप्फुसात घ्यायचा असतो आणि स्नायूंत सोडायचाही असतो. १९०४ मध्येच ख्रिश्चन बोर यांनी दाखवले होते की ऑक्सिजनचा पहिला रेणू चिकटला की पुढचे चिकटणे सोपे होते, आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की पकड ढिली पडते. चार साखळ्यांतल्या, ऑक्सिजन धरणाऱ्या लोहाच्या जागा एकमेकींपासून दूर आहेत. मग एकीची वार्ता दुसरीला कळते कशी?

याचा धागा १९३८ मध्ये प्रागला फेलिक्स हौरोविट्झ यांना सापडला होता. ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे जांभळट स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली असताना हवा आत शिरली आणि ते स्फटिक विरघळून वेगळ्या घडणीचे लाल स्फटिक तयार झाले. ऑक्सिजन घेताना रेणूच बदलतो, याचा तो डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा होता. १९७० मध्ये पेरुट्झ यांनी त्यामागची यंत्रणा मांडली. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू त्याला धरणाऱ्या हीम या सपाट वलयाच्या प्रतलाबाहेर साधारण ०.०४ नॅनोमीटर असतो. ऑक्सिजन चिकटला की तो आत ओढला जातो, त्याला जोडलेले हिस्टिडीन हे अमिनो आम्ल ओढले जाते, त्यामागे सर्पिलाचा एक भाग सरकतो आणि शेवटी रेणूचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. ‘ताठ’ आणि ‘सैल’ अशा या दोन स्थितींची कल्पना जाक मोनो, जेफ्रीज वायमन आणि झाँ-पिएर शान्झ्यू यांनी १९६५ मध्ये मांडली होती. पेरुट्झ यांनी तिला अणूंचा आधार दिला.

ही यंत्रणा खरी आहे का, हे पक्ष्यांच्या रक्तावरून तपासता आले. भिगवण आणि उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. विरळ हवेतही त्यांचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन ओढून घेते. मैदानी कलहंसाशी तुलना करता पट्टकादंबाच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अलॅनीन आहे. ही जागा लोहापासून दूर, दोन साखळ्यांच्या सांध्यावर आहे. तिथला एक स्पर्श सुटल्याने ‘ताठ’ स्थिती कमकुवत होते आणि ऑक्सिजनची पकड वाढते, असे भाकीत पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये केले. १९९१ मध्ये माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये तोच बदल करून पाहिला तेव्हा पकड खरोखरच वाढली. पट्टकादंबात इतरही बदलांचा वाटा आहे हे पुढे दिसले, पण मूळ तर्क टिकला.

म्हणजे हिमोग्लोबिनचे काम एका आकारात सापडत नाही, दोन आकारांमध्ये ये-जा करण्यात सापडते. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्येच सुचवले होते की लक्ष्य जवळ आले की एन्झाइम स्वतःला त्यानुसार वळवून घेते. एटीपी-सिंथेज हे पेशीतले ऊर्जा तयार करणारे प्रथिन या बाबतीत सर्वांत बोलके. जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याची रचना उलगडली, तेव्हा एकाच स्फटिकात एकाच क्रमाच्या तीन साखळ्या तीन वेगळ्या स्थितींत दिसल्या. मधला दांडा फिरतो आणि या तिघी आळीपाळीने स्थिती बदलतात, हा पॉल बॉयर यांचा अंदाज त्यामुळे पक्का झाला. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला चमकणारा तंतू जोडून त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

अर्थात काही प्रथिनांचे काम त्यांच्या नेमकेपणावरच उभे असते. चेतापेशीतल्या पोटॅशियमच्या वाहिनीतून पोटॅशियम सेकंदाला कोटींच्या संख्येने जातो, पण त्याहून लहान असलेला सोडियम अडतो. लहान असून तो का जात नाही, हे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या वाहिनीची रचना शोधून सांगितले. आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो आणि आत शिरताना ते वेष्टण त्याला सोडावे लागते. वाहिनीच्या अरुंद भागातले ऑक्सिजन अणू पोटॅशियमला पाण्याची उणीव भासणार नाही अशा बरोबर अंतरावर असतात. सोडियम लहान असल्याने त्याला ते पुरत नाहीत, म्हणून तो पाणी सोडून आत येत नाही.

एक आकार, अनेक कामे

आकारावरून काम ओळखण्याच्या वाटेत दोन अडचणी उत्क्रांतीनेच उभ्या केल्या आहेत. पहिली, वेगळ्या आकारांनी एकच काम करणे. स्वादुपिंडातले कायमोट्रिप्सिन आणि जिवाणूंतले सबटिलिसिन दोन्ही प्रथिने तोडतात. सबटिलिसिन कपडे धुण्याच्या पावडरीतही असते. दोघांच्या घड्यांत काहीच साम्य नाही, नातेही नाही. पण ज्या जागी तोडण्याची क्रिया होते तिथे सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिघांची मांडणी अगदी सारखी. उत्क्रांतीने एकच युक्ती दोनदा स्वतंत्रपणे शोधली. इथे पूर्ण आकार फसवतो आणि तीन अणुगटांची जागा खरे सांगते.

दुसरी अडचण उलटी आहे. आठ पट्टे आत आणि आठ सर्पिले बाहेर असा पिंपाच्या आकाराचा साचा ज्ञात एन्झाइमांपैकी सुमारे दहाव्या हिश्श्यात आढळतो आणि ती एन्झाइमे अगदी निरनिराळ्या रासायनिक क्रिया करतात. साचा ओळखला म्हणून क्रिया कळत नाही. याहून चक्रावून टाकणारे उदाहरण डोळ्यांतले. बदकाच्या नेत्रभिंगात भरपूर सापडणारे एक क्रिस्टलिन, म्हणजे भिंगातले प्रथिन, हे साखरेच्या विघटनात काम करणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच असल्याचे १९८७ मध्ये उघड झाले. आकार तोच, क्रम तोच. इतरत्र ते एन्झाइम आहे, भिंगात ते केवळ पारदर्शक भरण आहे. कुठे आहे आणि किती आहे, यावर त्याचे काम ठरते.

अमेरिकेत २००० ते २०१५ या काळात प्रथिनांच्या रचना घाऊक पद्धतीने शोधण्याचा मोठा सरकारी प्रकल्प चालला. रचना मिळाली की काम कळेल, ही त्यामागची एक आशा. हजारो रचना मिळाल्या, पण त्यांतल्या अनेकांच्या नोंदीपुढे ‘कार्य अज्ञात’ असेच लिहावे लागले.

ज्यांना आकारच नाही

१९९० च्या दशकाअखेर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागली. काही प्रथिने, किंवा त्यांचे लांब तुकडे, पेशीत घडी घालतच नाहीत. पीटर राइट आणि जेन डायसन यांनी १९९९ मध्ये लेख लिहून ‘आधी आकार, मग काम’ या सूत्राचाच फेरविचार मागितला. माणसाच्या प्रथिनांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यात असे लांब, अस्थिर भाग आहेत, असा अंदाज आहे. ही प्रथिने बहुधा निरोप पोचवण्याच्या किंवा जनुके चालू-बंद करण्याच्या कामात असतात.

त्याचे कारण पी-५३ मध्ये दिसते. कर्करोग रोखणारे हे प्रथिन जवळपास निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. त्याच्या टोकाचा छोटासा अस्थिर तुकडा एका प्रथिनाला चिकटताना सर्पिल होतो, दुसऱ्याला चिकटताना सरळ पट्टा, आणि आणखी दोघांना चिकटताना प्रत्येक वेळी वेगळे वळण घेतो. पक्का आकार असता तर त्याला एकच जोडीदार धरता आला असता.

काही साखळ्यांना पक्के आकार असतात, पण दोन. लिम्फोटॅक्टिन हे प्रथिन शरीराच्या नेहमीच्या तापमानाला दोन वेगळ्या घड्यांत ये-जा करते आणि दोन्ही घड्यांची कामे वेगळी आहेत. प्रायॉन नावाच्या प्रथिनांत हीच लवचिकता जिवावर उठते. स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये मांडले की मेंदूच्या काही आजारांचा संसर्ग विषाणूमुळे नव्हे तर प्रथिनामुळे होतो. या प्रथिनाची घडी चुकलेली असते, हे पुढे दिसले: क्रम तोच, पण सर्पिलांच्या जागी पट्टे येतात, आणि ही घडी शेजारच्या निरोगी रेणूंनाही आपल्यासारखी करते. अन्फिन्सेन यांचा नियम खोटा ठरला असे नाही. तो एकट्या, पातळ द्रावणातल्या प्रथिनाचा नियम आहे हे स्पष्ट झाले. गच्च भरलेल्या पेशीत नवी साखळी नीट घडावी म्हणून चॅपरॉन नावाची वेगळी प्रथिने लागतात, ती याचसाठी.

सिकलसेल: बिघाड आकारात नव्हे, शेजारात

या सगळ्या अडचणी एकत्र पाहायच्या तर सिकलसेलकडे यावे लागते. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार घराघरांत ओळखीचा आहे. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असल्याचे दाखवून याला ‘रेण्वीय आजार’ म्हटले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. चारही साखळ्यांची ५७४ अमिनो आम्ले, त्यांत केवळ दोन जागांचा हा फरक.

पण या हिमोग्लोबिनचा सुटा रेणू तपासला तर आकार जवळपास निरोगी रेणूसारखाच दिसतो आणि ऑक्सिजनही तो घेतो. बदललेली जागा बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. ऑक्सिजन सुटून रेणू ‘ताठ’ झाला की शेजारच्या रेणूवर एक पाणी टाळणारी खोबण उघडी होते आणि हे व्हॅलीन तिथे जाऊन बसते. लाल पेशीत हिमोग्लोबिन प्रचंड दाटीने भरलेले असते, त्यामुळे एकाला एक लागत चौदा पदरांचे लांब तंतू तयार होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. एका रेणूची रचना कितीही बारकाईने पाहिली तरी हा आजार त्यात दिसत नाही. तो दिसतो दाटी, ऑक्सिजनचे प्रमाण आणि दोन स्थितींमधली ये-जा एकत्र पाहिल्यावर.

उपचारांचा इतिहासही तेच सांगतो. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन या तंतूंत नीट बसत नाही. ते ज्यांच्या रक्तात जास्त टिकून राहते त्यांना त्रास कमी होतो. भारतातल्या अनेक रुग्णांत ते तुलनेने जास्त असते, तरी नागपूरच्या रुग्णालयांत तीव्र त्रास असलेली मुले येतातच. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध हे गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते, आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही तेच साधते. याउलट व्होक्सेलोटोर हे औषध हिमोग्लोबिनच्या रचनेवरून योजलेले. ते रेणूला ‘सैल’ स्थितीत धरून ठेवते, म्हणजे तंतू बनू नयेत. त्याने रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण फायद्यापेक्षा धोका जास्त असल्याचे दिसल्याने २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. रेणूपुरता तर्क बरोबर असला तरी रुग्णाच्या शरीराचा हिशेब निराळा निघाला. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. पुढची अनेक वर्षे तिचा भर तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सियुरिया यांवरच राहील.

आज प्रश्न कुठे आहे

अल्फाफोल्डकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. ज्ञात रचना आणि उत्क्रांतीत एकत्र बदलत आलेल्या अमिनो आम्लांच्या जोड्या यांवरून ते शिकले. मुख्यतः ते एका प्रथिनाचा एक आकार देते. जिथे त्याचा आत्मविश्वास कमी, तो भाग बहुधा खरोखरच अस्थिर निघतो, हा त्याचा एक अनपेक्षित उपयोग. दुसऱ्या स्थितीत रेणू कसा दिसेल, एका अमिनो आम्लाच्या बदलाने काय होईल, दाटीत तो कसा वागेल, हे ते खात्रीने सांगत नाही. सिकलसेलचे हिमोग्लोबिन त्याला दिले तर तो आकार निरोगीच दिसेल. २०२४ च्या नव्या आवृत्तीत औषधांचे रेणू आणि डीएनए यांच्यासह रचना देण्याची सोय झाली. तरी एकाच प्रथिनाचे वेगवेगळे आकार आणि त्यांचे परस्परप्रमाण सांगणारी मोठी, विश्वासार्ह माहिती-पेढी अजून तयार व्हायची आहे.

आकार आणि काम यांचे नाते आपल्याला खरेच समजले का, याची कसोटी नवे प्रथिन रचण्यात आहे. निसर्गात कधी नव्हता असा आकार बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये रचून दाखवला. पुढे त्यांच्या संस्थेत रचलेल्या प्रथिनकणांवर आधारलेली कोविडची लस २०२२ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झाली. ठरलेल्या जागी चिकटणे किंवा ठरलेला कण बनवणे आता बरेच आवाक्यात आले आहे. एन्झाइमचे तसे नाही. २००८ मध्ये याच गटाने कागदावर रचलेली एन्झाइमे चालली, पण निसर्गातल्या एन्झाइमांपुढे फारच मंद. त्यांना वेग आला तो प्रयोगशाळेत हजारो बदल करून त्यातले चांगले निवडल्यावर, आणि त्यातले बरेच उपयोगी बदल क्रियेच्या जागेपासून दूर होते. पट्टकादंबातली ११९ वी जागाही लोहापासून दूरच आहे. दूरचा बदल हालचालीवर कसा परिणाम करतो हे आधीच सांगता येईल, तेव्हा निवड करत बसण्याची गरज उरणार नाही. तोवर आकार हे उत्तम सुरुवातीचे ज्ञान आहे. काय अशक्य आहे हे तो ठामपणे सांगतो. जे शक्य आहे त्यातले काय घडते, हे मात्र प्रथिन हलताना आणि शेजाऱ्यांत असतानाच मोजावे लागते.